पोटातली प्रतिकारशक्ती आणि मेंदू-मज्जातंतूंचे आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटून अंग लुळं पडण्याचा आजार) रुग्ण एकामागून एक सापडू लागले. पाणी खराब होतं हे लोकांना कळलं, जुलाब झाले हेही कळलं. पण जुलाबांतून पाय लुळे कसे पडतात, हे कोणाला नीट सांगता येत नव्हतं. माझे बाबा चौदा वर्षं कंपवाताने (पार्किन्सन्सने) आजारी होते, त्यामुळे पोट आणि मज्जासंस्था यांच्या नात्यावर जे हाती लागेल ते मी वाचत आले आहे. नातेवाईक, शेजारी आणि रुग्णांच्या घरचे लोक मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. उपचार ठरवायचे ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच.

पोट बिघडल्यावर पायांतलं बळ जातं, हे कसं?

या सगळ्या विषयात सर्वांत पक्का पुरावा असलेलं उत्तर याच प्रश्नाचं आहे, म्हणून सुरुवात इथून करते.

कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. त्याच्या बाहेरच्या आवरणावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. काही वाणांमध्ये या साखळ्या आपल्या मज्जातंतूंवरच्या जीएम-१ नावाच्या रेणूसारख्या हुबेहूब दिसतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. जिवाणू मरतो, जुलाब थांबतात, माणूस कामाला लागतो. प्रतिपिंडं मात्र रक्तात फिरत राहतात आणि मज्जातंतूंवरच्या त्या सारख्या दिसणाऱ्या रेणूंना जाऊन चिकटतात. मग प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर तुटून पडते. शत्रूचा आणि घरच्याचा चेहरा एक निघाला, तर पहारेकऱ्याची जी फसगत होईल तीच इथे होते.

हे कोडं उलगडायला बरीच वर्षं लागली. गियाँ, बारे आणि श्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांमध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यातल्या पहिल्या दोघांचं नाव आजाराला चिकटलं. पुढे १९९० च्या सुमारास उत्तर चीनच्या खेड्यांत दर उन्हाळ्यात मुलं लुळी पडत होती. अमेरिकी आणि चिनी डॉक्टरांनी मिळून अभ्यास केला, तेव्हा अनेक मुलांच्या रक्तात कॅम्पायलोबॅक्टरच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. त्याच काळात जपानमध्ये नोबुहिरो युकी यांनी रुग्णांच्या रक्तात जीएम-१ विरुद्धची प्रतिपिंडं दाखवली आणि १९९३ मध्ये जिवाणूच्या आवरणात तीच साखरेची रचना सापडली. २००४ मध्ये जिवाणूचं ते आवरण टोचलेल्या सशांना पक्षाघात झाला. कारण आणि परिणाम यांच्यातला दुवा इतक्या टप्प्यांनी जोडलेला या विषयात दुसरीकडे कुठेच नाही. पुढची उत्तरं वाचताना ही फूटपट्टी लक्षात ठेवा.

मग जुलाब झालेल्या प्रत्येकाला जीबीएस का झाला नाही?

कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांत एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना जीबीएस होतो. जिवाणूच्या सगळ्याच वाणांकडे ती फसवी साखर नसते, आणि असली तरी बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्या साखरेला सोडून दुसऱ्याच भागावर निशाणा धरते. एरवी वर्षाला लाखात एक-दोन जणांनाच होणारा हा आजार. पुण्यात एका पट्ट्यात संशयित धरून दोनशेहून अधिक रुग्ण निघाले, म्हणूनच सगळे हादरले. तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे दोन्ही सापडले होते.

जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही. त्या महिन्यात काही कुटुंबांशी सोसायटीतल्या लोकांनी बोलणं टाकलं होतं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जुलाब झाल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं?

जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा, तळपायांना मुंग्या, जिना चढताना किंवा उकिडवं बसून उठताना आधार लागणं. हा अशक्तपणा तासातासाने किंवा दिवसागणिक वर चढत गेला, तर सकाळची वाट न बघता व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गिळायला त्रास, आवाज बारीक होणं, धाप लागणं ही धोक्याची लक्षणं. साधारण चार-पाच रुग्णांत एकाला व्हेंटिलेटर लागतो.

इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन किंवा प्लाझ्मा बदलणं, हे दोन उपचार चाचण्यांत उतरले आहेत. स्टिरॉइड एकट्याने उपयोगी पडत नाहीत, हेही चाचण्यांतूनच कळलं आहे. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, मात्र काहींना महिने लागतात आणि चांगल्या उपचारांतही शंभरांत तीन ते सात जण दगावतात.

आतड्यात प्रतिकारशक्ती असते म्हणजे नक्की काय असतं?

आपण रोज बाहेरचं जग गिळतो: भाकरी, पाणी, धूळ, जंतू. ते सगळं शरीराच्या आत येतं ते आतड्याच्या अस्तरावरून, आणि हे अस्तर एकाच थराच्या पेशींचं असतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मोजलं, तेव्हा पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरला, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टाहून थोडा कमीच. आतडं टेनिस कोर्टाएवढं असतं ही उपमा जुनी आणि फुगवलेली. तसंच शरीरातल्या पेशींपेक्षा जिवाणू दहापट, हेही चुकीचं. २०१६ च्या हिशेबात दोन्ही आकडे जवळपास बरोबरीचे निघाले.

एवढ्या नाजूक सीमेवर शरीरातल्या प्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा तैनात असतो. लहान आतड्याच्या भिंतीत पायर्स पॅचेस नावाच्या गाठी असतात. योहान कोनराड पायर यांनी १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. तिथे तयार झालेल्या पेशी आयजीए नावाची प्रतिपिंडं रोज काही ग्रॅम इतकी आतड्यात सोडतात. या पहाऱ्याचं सर्वांत अवघड काम म्हणजे हल्ला न करणं. अन्नाला आणि भल्या जिवाणूंना ओळखून सोडून द्यायचं, हे आतड्याला सतत शिकावं लागतं.

त्याच भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं आहे. मेंदूच्या हुकुमाशिवायही ते आतडं चालवू शकतं. या चेतापेशींना अगदी खेटून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात आणि दोघींमध्ये रासायनिक निरोपांची देवाणघेवाण चालते. प्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्था इतक्या दाटीने शेजारी नांदतात अशा जागा शरीरात थोड्याच.

पोलिओचा डोस तोंडातूनच का देत होते?

पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो आणि काही थोड्या जणांत तिथून मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. टोचलेल्या लसीने रक्तात प्रतिपिंडं येतात आणि लुळेपणा टळतो, पण आतड्यात विषाणू वाढायचा तो वाढू शकतो. थेंबांची लस आतड्यातच पहारा बसवते. आपल्याकडे मुलांना पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागले, कारण इथल्या मुलांच्या आतड्यांत ही लस पाश्चात्त्य देशांइतकी चांगली रुजत नव्हती. भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. आतड्याची प्रतिकारशक्ती मज्जासंस्थेचं रक्षण करते, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

कंपवात पोटात सुरू होतो म्हणतात. खरं आहे का?

काही रुग्णांत तसं होत असावं. सगळ्यांत नाही.

बाबांचा उजवा हात थरथरू लागला त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना शौचाला साफ होत नसे. आई रात्री इसबगोल द्यायची, कोणी एरंडेल सुचवायचं. दोन्ही गोष्टींचा संबंध असू शकतो हे आमच्या मनातही आलं नव्हतं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर जो निबंध लिहिला, त्यातही बद्धकोष्ठतेचा उल्लेख आहे. होनोलुलूमध्ये सुमारे सात हजार पुरुषांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. दिवसातून एकदाही शौचाला न होणाऱ्यांत पुढे कंपवाताचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांपेक्षा २.७ पट निघालं. हा निष्कर्ष २००१ मध्ये आला.

जर्मन शरीररचनातज्ज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये धाडसी कल्पना मांडली. कंपवातात अल्फा-सायन्युक्लीन हे प्रथिन चुकीच्या घडीत वळतं आणि चेतापेशींत त्याचे गोळे साचतात. ब्राक म्हणाले की हे बिघडलेलं प्रथिन आतड्यात किंवा नाकाच्या वासाच्या केंद्रात सुरू होऊन व्हेगस या लांब नसेवरून मेंदूत चढत असावं.

पडताळणीसाठी एक जुनी शस्त्रक्रिया कामी आली. पूर्वी पोटातल्या अल्सरसाठी व्हेगस नस कापत असत. डेन्मार्कच्या नोंदी २०१५ मध्ये तपासल्या, तेव्हा नसेचं मुख्य खोडच कापलेल्यांत बऱ्याच वर्षांनंतर कंपवाताचा धोका जवळपास निम्मा दिसला. स्वीडनमध्ये २०१७ मध्ये कल तोच दिसला, पण इतका ठळक नाही, आणि या आकड्यांच्या अर्थावर तज्ज्ञांत वाद आहेच. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात टेड आणि व्हलिना डॉसन यांच्या गटाने उंदरांच्या जठराच्या आणि लहान आतड्याच्या स्नायूंत हे बिघडलेलं प्रथिन टोचलं. काही महिन्यांत ते मेंदूत पोहोचलं आणि उंदरांच्या हालचाली बिघडल्या. व्हेगस आधीच कापलेल्या उंदरांत तसं घडलं नाही.

मग सगळ्याच रुग्णांना आधी पोटाचा त्रास का नसतो? डेन्मार्कमधल्या ऑर्हुसचे पेर बोर्गहॅमर यांचं उत्तर मला सर्वांत पटतं. त्यांच्या मते कंपवाताच्या दोन वाटा आहेत. एक शरीरात सुरू होऊन वर चढते. अशा रुग्णांना आधी बद्धकोष्ठता असते आणि झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं, ओरडणं असतं. दुसरी वाट मेंदूतच सुरू होते. बाबा झोपेत क्रिकेटची मॅच खेळल्यासारखे हात फेकायचे, त्यामुळे ते पहिल्या वाटेचे असावेत असं मला वाटतं.

यात प्रतिकारशक्तीचा हात कुठे आला?

तीन धागे आहेत, वेगवेगळ्या दिशांनी आलेले.

पहिला जनुकांचा. एलआरआरके-२ या जनुकातले काही बदल कंपवाताचा धोका वाढवतात. याच जनुकातले बदल क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारातही सापडले.

दुसरा औषधांचा. अमेरिकेत विम्याच्या नोंदींवर झालेल्या २०१८ च्या अभ्यासात आतड्याच्या दीर्घ दाहाच्या रुग्णांत कंपवाताचं प्रमाण २८ टक्के जास्त होतं. पण त्यांच्यापैकी ज्यांनी टीएनएफ हा दाहाचा निरोप रोखणारी औषधं घेतली, त्यांच्यात ते औषध न घेणाऱ्यांपेक्षा ७८ टक्के कमी. ही औषधं मोठ्या रेणूंची असतात, मेंदूत सहज शिरत नाहीत. म्हणजे फायदा खरा असेल तर तो मेंदूबाहेरच कुठेतरी होत असला पाहिजे. तरी ही नोंदींवरून काढलेली तुलना आहे, चाचणी नाही, आणि अशा तुलनेत चकवे असतात.

तिसरा धागा थेट प्रतिकारक पेशींचा. कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड सल्झर आणि ला होया इथले आलेस्सांद्रो सेत्ते यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की कंपवाताच्या काही रुग्णांच्या टी पेशी (प्रतिकारक पेशींचा एक प्रकार) अल्फा-सायन्युक्लीनच्या तुकड्यांना शत्रू समजतात. २०२३ मध्ये याच दिशेने पुढे जाऊन, माणसाचं एक विशिष्ट प्रतिकार-जनुक बसवलेल्या उंदरांना असा तुकडा टोचला. मेंदूत कंपवात झाला नाही, पण आतड्यातल्या चेतापेशी घटल्या आणि उंदरांना बद्धकोष्ठता झाली. आजाराचा पहिला अंक आतड्यात घडतो आणि तो घडवणारी प्रतिकारशक्ती असू शकते, असं सुचवणारा हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. जीबीएससारखी पूर्ण साखळी मात्र अजून जोडलेली नाही.

मला वर्षानुवर्षं बद्धकोष्ठता आहे. मला कंपवात होणार का?

बहुधा नाही. बद्धकोष्ठता घराघरांत असते, कंपवात त्या मानाने फार थोड्यांना होतो. मात्र तिच्या जोडीला वास येईनासा झाला असेल, झोपेत हातपाय झाडत असाल किंवा अक्षर बारीक होत चाललं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला एकदा दाखवा.

निरोगी माणसाच्या पोटातले जिवाणू रुग्णाच्या पोटात सोडले तर?

ही कल्पना २०१६ च्या एका प्रयोगामुळे गाजली. कॅल्टेकचे सार्किस मॅझमानियन यांच्या गटाने अल्फा-सायन्युक्लीन जास्त बनवणारे उंदीर पूर्ण जंतुरहित वातावरणात वाढवले, तर त्यांच्या हालचाली तितक्या बिघडल्या नाहीत. कंपवाताच्या रुग्णांचे जिवाणू सोडलेल्या उंदरांच्या हालचाली निरोगी माणसांचे जिवाणू सोडलेल्या उंदरांपेक्षा जास्त बिघडल्या.

माणसांवरच्या चाचण्यांनी मात्र उत्साह आवरता घ्यायला लावला. बेल्जियममधल्या गेंटच्या चाचणीत ४६ रुग्ण होते. वर्षभरानंतर हालचालींच्या गुणांकनात निरोगी दात्याचं शौचद्रव्य (हे जिवाणू त्यातूनच सोडतात) मिळालेल्यांत सरासरी ५.८ गुणांची सुधारणा दिसली, आणि स्वतःचंच परत मिळालेल्यांत २.७ गुणांची. त्याच वर्षी, २०२४ मध्ये, फिनलंडच्या चाचणीत सहा महिन्यांनी काहीच फायदा दिसला नाही. घरी किंवा अर्धवट माहितीच्या दवाखान्यात हा उपचार करून घेऊ नका. अशा द्रव्यातून जीवघेणा संसर्ग झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

कंपवाताची गोळी कधी लागू पडते, कधी नाही. पोटामुळे का?

बऱ्याचदा हो. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची मुख्य गोळी, लहान आतड्यात शोषली जाते. जठर मंद झालेलं असेल तर गोळी तिथेच रेंगाळते. डाळ, पनीर, अंडी अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर शोषणासाठी स्पर्धा होते, म्हणून बऱ्याच रुग्णांना ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात. बद्धकोष्ठता बरी केली की गोळीचा भरवसा वाढतो, हा आमच्या घरचा अनुभव आहे.

जिवाणूही गोळीत वाटा घेतात. एंटेरोकॉकस फीकॅलिस हा आतड्यातला नेहमीचा जिवाणू लेव्होडोपाचं रूपांतर वाटेतच करून टाकतो, हे २०१९ मध्ये हार्वर्ड आणि ग्रोनिंगेन इथल्या दोन गटांनी दाखवलं. गोळीत मिसळलेलं कार्बिडोपा माणसाच्या विकराला (एन्झाइमला) रोखतं, जिवाणूच्या विकराला फारसं नाही.

खाजकुहिलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, खरोखरच लेव्होडोपा असतं. म्हणूनच डॉक्टरांना न सांगता तिचं चूर्ण गोळ्यांबरोबर घेणं धोक्याचं. डोस नकळत वाढतो आणि अंग वेडंवाकडं हलू लागतं किंवा भास होतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसचं काय?

या आजारात प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंची आवरणं कुरतडते. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की असा आजार आपोआप होणारे उंदीर जंतुरहित ठेवले तर त्यांना तो होत नाही. पुढे २०१७ मध्ये एकाला आजार आणि दुसरा निरोगी अशा एकसारख्या जुळ्यांचे आतड्यातले जिवाणू उंदरांत सोडले गेले. आजारी जुळ्याच्या जिवाणूंनी जास्त उंदीर आजारी पडले.

पण आतड्याची भूमिका नेहमी खलनायकाची नसते. टोरंटोच्या जेनिफर गॉमरमन यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की आतड्यात घडलेल्या आयजीए पेशी उंदरांच्या मेंदूपर्यंत जाऊन तिथला दाह कमी करतात. आणि या आजाराचं ठिणगी टाकणारं कारण म्हणून आज सर्वांत भक्कम पुरावा एपस्टीन-बार विषाणूविरुद्ध आहे. तो लाळेतून पसरतो, त्यामुळे सगळा दोष पोटावर टाकता येत नाही.

मिठाचा मेंदूशी संबंध फक्त रक्तदाबामुळे का?

न्यूयॉर्कमधल्या कॉस्टँटिनो याडेकोला यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांना फार खारट खाद्य दिलं. आतड्यात टीएच-१७ जातीच्या प्रतिकारक पेशी वाढल्या, त्यांनी सोडलेलं आयएल-१७ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन रक्तातून मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेलं, रक्तप्रवाह घटला आणि उंदीर विसराळू झाले. रक्तदाब वाढलेला नसतानाही. मीठ कमी केल्यावर ते सुधारले. उंदरांचं मीठ आपल्या ताटापेक्षा कितीतरी जास्त होतं, हे खरं. तरी दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा लोणचं, पापड, चटणी आणि फरसाण यांत केव्हाच ओलांडली जाते.

गहू बंद करावा का?

सरसकट नाही. सीलिअॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेनविरुद्ध प्रतिकारशक्ती उठते, आणि काहींत तिचा रोख लहान मेंदूवर जाऊन तोल जाऊ लागतो. शेफील्डचे मारियोस हाजीवासिलिऊ यांनी १९९० च्या दशकापासून यावर काम केलं आहे. चालताना झोक जात असेल आणि कारण सापडत नसेल, तर रक्ततपासणी करून घ्या, पण ती गहू सोडण्याच्या आधी. सोडल्यानंतर तपासणी खोटी चांगली येते. एरवी ज्वारी-बाजरीची भाकरी हौसेने खा, चपातीला भिऊन नको.

दही, ताक, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, शौचातल्या जिवाणूंच्या (मायक्रोबायोम) चाचण्या?

ताक प्यावं, दही खावं, कोशिंबिरी आणि मोडाची उसळ रोज खावी. कंपवाताच्या रुग्णांत काही प्रोबायोटिकनी बद्धकोष्ठता कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. आजार थांबल्याचं दिसलेलं नाही. मायक्रोबायोम चाचण्यांच्या रंगीत अहवालांवरून आज कोणताही न्यूरॉलॉजिस्ट उपचार बदलू शकत नाही. ते पैसे फिजिओथेरपीला लावा, असं मी रुग्णांच्या घरच्यांना कळकळीने सांगते.

हे सगळे अभ्यास परदेशातले. आपल्याकडे लागू पडतात का?

जीबीएसची यंत्रणा सगळीकडे तीच. कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसबाबत प्रश्न योग्य आहे, कारण आतड्यातले जिवाणू आहारानुसार बदलतात आणि युरोप-अमेरिकेच्या ताटात ज्वारी, तूर, ताक नसतं. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम झालेलं आहे. मुंबईतल्या पारशी वसाहतींत १९८० च्या दशकात घरोघरी जाऊन पाहणी झाली, तेव्हा लाखात ३२८ जणांना कंपवात आढळला होता. अशी पाहणी आज पोटाच्या तक्रारी, आहार आणि रक्ताचे नमुने यांच्यासह पुन्हा व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांकडे जाताना काय लिहून न्यावं?

शौचाची वेळ आणि किती दिवसांनी झाली ते. गोळी कधी घेतली, जेवण कधी झालं, गोळीचा असर किती वाजता उतरला. गेल्या महिन्यात जुलाब किंवा ताप आला होता का. चूर्ण, काढा, कॅप्सूल जे काही चालू असेल ते सगळं, लपवाछपवी न करता. आमच्या घरी आई हे कॅलेंडरच्या चौकटींत पेन्सिलने लिहायची. त्या चौकटी पाहूनच डॉक्टरांनी बाबांची दुपारची गोळी जेवणाआधी पाऊण तास केली, आणि त्यानंतर बाबा संध्याकाळी पुन्हा गच्चीवर फेऱ्या मारू लागले.